ओटी आणि दुधाचा दात

पहिल्या खेपेला मी या घरातली महाराणी होते. कळशी उचलू नको, उंबरठ्यावर बसू नको, मशीन चालवू नको. नवरा भंडाऱ्याला गेला की येताना हमखास काहीतरी पुडीत बांधून आणायचा. दुसऱ्या खेपेला मला पाचवा लागला तेव्हा सासूबाईंनी तांदूळ पाखडता पाखडता विचारलं, "चौथा ना वं तुले?"

"पाचवा, आई."

"असं का? मले वाटलं चौथा." आणि त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. एक अख्खा महिना त्यांच्या ध्यानातून गळून पडला होता आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. मलाही वाटलं नसतं, पण कळशी मीच भरत होते, म्हणून वाटलं.

आमचं घर आंधळगावात, विणकरांचं. सासऱ्यांच्या काळात घरात माग खडखडायचे. आता एकच उरलाय आणि त्याच्यावर आम्ही ओल्या चादरी वाळत घालतो. सासूबाईंनी उभं आयुष्य कांड्या भरल्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळलं. त्यांच्या बोटांना अजून सवय आहे. हाताशी दोरा आला की पीळ बघितल्याशिवाय सोडत नाहीत. मी लग्न होऊन आले आणि त्याच छपरीत शिलाई मशीन टाकलं. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. गावातली प्रत्येक बाई कधी ना कधी माझ्या टेपखालून गेलेली आहे, त्यामुळे माझ्या पोटावर मत द्यायचा हक्क प्रत्येकीला आपोआप मिळालेला होता.

पहिले महिने ओकण्यात जातात, शेवटचे कूस बदलण्यात. मधले तेवढे बाईचे, असं माझी आई म्हणायची. ते मला मिळाले खरे, पण लग्नांच्या ब्लाउजांसकट. मळमळ गेली आणि अशी भूक सुटली की काही विचारू नका. त्यात सिंगाड्याचे दिवस. बोडीतून, म्हणजे गावच्या तळ्यातून काढून उकडलेले काळे सिंगाडे टोपलीत घेऊन बाई दारावरून गेली की मी हातातलं काम टाकून धावायची. दिवस सरताना माझ्या मशीनखाली चिंध्या कमी आणि सिंगाड्याची टरफलं जास्त निघायची. एकदा एका नवरीच्या ब्लाउजच्या अस्तरात टरफलाचा काटा शिवला गेला. ती बिचारी घालून बघताना किंचाळली आणि मी तिला सांगितलं की नवीन कापड जरा टोचतंच.

पोट वाढत होतं तसं स्टूल मागे सरकत होतं. पाय पायट्यावर पोचायचे तर हात सुईपर्यंत पोचायचे नाहीत, हात पोचवले तर पोट मशीनच्या फळीला लागायचं, आणि फळीला लागलं की आतून लाथ. दुसऱ्या वेळी बाळाची हालचाल लवकर कळते म्हणतात. मला तर वाटायचं, आतलं लेकरू टाके मोजतंय आणि चुकलं की ढुशी देतंय. तिरकी बसून मी शिवायला लागले आणि बाह्यादेखील थोड्या तिरक्या यायला लागल्या. बायकांनी ते फॅशन म्हणून घेतलं.

तर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, हे मी सहन केलं असतं. खरी भानगड वेगळी होती. सगळे माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघत होते.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. दुसरेपणाच्या वेळी ओटी भरायला बायका जमल्या की थोरल्या लेकराला पाटावर उभं करायचं, त्याचं तोंड गोड करायचं आणि विचारायचं, "मायच्या पोटात कोन आहे?" ते जे म्हणेल ते खरं. पण एक अट. लेकराचे दुधाचे दात सगळे जागच्या जागी पाहिजेत. एक जरी पडला तरी त्या तोंडातला देव निघून जातो आणि ते तुमच्याआमच्यासारखं साधं, खोटं बोलणारं तोंड होतं. घरात पहिलं लेकरू असेल तर नात्यातलं एखादं उसनं आणतात.

माझी मुलगी तेव्हा अंगणवाडी सोडून पहिलीत गेलेली. आणि खालचा, समोरचा दात हलायला लागलेला.

सासूबाईंना नातू पाहिजे होता. यात लपवाछपवी नव्हती. "एक पोरगी झाली, गोड झाली, आता एक पोरगा होऊन जाऊ दे, मंग मी मराले मोकळी," असं त्या शेजारच्या काकूंना माझ्यासमोरच सांगायच्या. या काकू म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या, ब्लाउज शिवायला वर्षातून एकदा आणि बोलायला रोज येणाऱ्या. त्या यायच्या त्या थेट मुलीकडे. "का वं माय, भाऊ का बहीन?" हातात फुटाण्याची पुडी.

मुलीला धंदा कळायला वेळ लागला नाही. फुटाणे दिसले की "भाऊ". बांगड्या विकणारी आली तर "बहीन", कारण बहिणीला बांगड्या लागतात आणि ओघात आपल्यालाही मिळतात. बापाने विचारलं तेव्हा तिला शेळीचं पिल्लू पाहिजे होतं, म्हणून तिने सरळ "बकरी" सांगितलं. नवरा खो खो हसला. सासूबाई मात्र पांढऱ्या पडल्या, देवापुढे दिवा लावून आल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे कायदा केला, की येताजाता सांगितलेलं धरायचं नाही. ओटीच्या पाटावर सांगेल तेच खरं.

मला स्वतःला मुलगा चालला असता, मुलगीही चालली असती. मला एवढंच पाहिजे होतं की माझ्या पोरीला त्या पाटावर उभं करू नये. पहिल्यांदा मी ते नुसत्या रागानं म्हणत होते. मला राग आला की मी कैची टेबलावर आपटते, त्या दिवसांत सासूबाई काकूंना सांगायच्या, "आज कैची वाजून राहिली, तू उद्या ये."

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीसाठी आम्ही भंडाऱ्याला गेलो. नवरा मोटरसायकल काढत होता, पण सासूबाईंनी आणि रस्त्यातल्या खड्ड्यांनी मिळून त्याला नमवलं आणि आम्ही एसटीने निघालो. मुलगी मांडीवर बसायला मागेना, कारण मांडीच उरली नव्हती. ती माझ्या गुडघ्यांच्या टोकावर बसली आणि सगळ्या बसला सांगत गेली की आम्ही बाळाचा फोटो काढायला जातोय.

तपासणीच्या खोलीत तिने आधी पडद्याकडे बघितलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. "फोटोत काही दिसून नाही राहिलं," ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी कौतुकानं तिला डोकं दाखवलं, पाठीचा कणा दाखवला, पाय दाखवला. मुलगी समाधानानं मान हलवत होती. मग तिने तो प्रश्न विचारला जो रोज तिला विचारला जात होता. "अन् हे कोन आहे? भाऊ का बहीन?"

खोलीत मदतीला असलेली बाई एकदम दाराकडे बघायला लागली. डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही हं. बाहेर पाटी वाचलीस ना? सांगितलं तर पोलीस मला धरून नेतील."

"खरंच?"

"अगदी खरंच. जो सांगेल तो तुरुंगात."

मुलगी त्यानंतर एक शब्द बोलली नाही. बाहेर आल्यावर नवऱ्याने तिला तर्री-पोहे घेऊन दिले, ते तिने तसेच ठेवले, मग मीच खाल्ले. परतीच्या बसमध्ये ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मम्मी, पोलीस लहान पोट्ट्याइले भी नेते का?"

मी हसू दाबत होते, आणि मनातल्या मनात मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. जे मला सासूबाईंना सांगून जमलं नव्हतं ते सरकारने एका पाटीने केलं होतं. घरी आल्यावर काकूंनी पुडी पुढे केली तेव्हा मुलीने हात मागे बांधले. "मी नाही सांगत. सांगतलं तं पोलीस नेतीन."

काकूंनी पुडी मागे घेतली. पण माझ्या सासूबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "पोलीस मोठ्या मानसाइले पकडते, बेटा. दुधाचे दात असले तं नाही पकडत. तसा कायदाच आहे."

"मंग डॉक्टरीणबाईले काहून पकडते?"

"तिचे दात पाहिले का तू? पक्के आहे."

मुलीला हे पटलं. मला कैची सापडेना.

त्यानंतर काही दिवसांनी मी एका साडीला फॉल लावत होते आणि ती मशीनखाली चिंध्यांचे रंग वेगवेगळे करत बसली होती. खालूनच तिने विचारलं, "मम्मी, मी बोलीन तेच येते ना?"

"कोन म्हनते?"

"आजी म्हनते. मंग मी बहीन बोलली तं आजी रडन."

"नाही रडत आजी."

"रडन. काकू भी रडन." हिरव्या चिंध्या एका बाजूला, लाल एका बाजूला. "अन् भाऊ बोलली तं भाऊ येईन. मंग मी कायले लागन?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "कायले लागन म्हंजे?"

"म्हंजे सगळ्याइले भाऊच पाहिजे ना. तो आला, मंग मी कायले पाहिजे?"

हे तिने रडून विचारलं नव्हतं. दुकानात एक किलो साखर घेतल्यावर अजून साखर कशाला, असं विचारावं तसं विचारलं होतं. मी पायटा थांबवला. मला खाली वाकून तिला उचलता येत नव्हतं, पोट मधे होतं, म्हणून मी स्टुलावरून घसरत घसरत चिंध्यांतच बसले आणि तिला जवळ ओढलं. काय बोलले ते आठवत नाही, बहुतेक काही तरी बाष्कळच बोलले. ती म्हणाली, "तू माह्या लाल चिंध्यांवर बसली."

त्या दिवशी मी सासूबाईंशी सरळ बोलले. ओटी भरा, दहा बायका बोलवा, पण पोरीला विचारू नका. त्या माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "विचारल्यानं काय बिघडते वं? लेकराच्या तोंडी देव बोलते. कौतुकाची गोष्ट आहे." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुमी दोघी पाहून घ्या," आणि पंक्चर नसलेल्या गाडीचं पंक्चर काढायला निघून गेला.

मग मी ठरवलं. तोंड बंद होत नाही तर दात पाडायचा.

इथून पुढचा सगळा महिना आमच्या घरात एका दातावरून जे युद्ध चाललं ते शेजारच्या काकूंशिवाय कुणाला कळलं नाही. सासूबाई मुलीला मऊ भात, दुधात कुस्करलेली पोळी आणि शिरा भरवायच्या. मी त्यांच्या पाठीमागे तिला जाम, म्हणजे पेरू द्यायची, तेही कच्चे, दगडासारखे. त्यांनी घरातले शेंगदाणे कुलपात ठेवले. मी बाजारातून गूळपट्टी आणली. त्यांनी ऊस बघितला की "खोकला होते" म्हणून स्वतः खाऊन टाकायचा, स्वतःच्या उरलेल्या दाढांनी. मुलीची चंगळ होती. एकीकडे शिरा, दुसरीकडे गूळपट्टी, आणि तिला स्वतःला दात पडायलाच पाहिजे होता, कारण वर्गातल्या सगळ्यांना खिंडी पडल्या होत्या आणि ही एकटीच लहान दिसत होती. पण दात असा चिवट की हलायचा, डोलायचा, जिभेनं ढकलला की आडवा व्हायचा आणि पुन्हा उभा राहायचा. रोज सकाळी सासूबाई तिला अंगणात उजेडात घेऊन जायच्या आणि "आ कर" म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून विजयानं सांगायच्या, "आहे."

शेवटी मी माझ्या हत्यारावर आले. दोऱ्यावर. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. मुलीला मशीनवर बसवलं, दाताला शिलाईच्या दोऱ्याचा फास टाकला आणि दुसरं टोक दाराच्या कडीला बांधलं. तिने दोन्ही हातांनी मशीनची फळी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, "जोरात लाव मम्मी." मी दार ओढलं. दोरा तुटला. पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा बांधत असताना दारात पिशवी घेऊन सासूबाई उभ्या.

त्या आत आल्या, पिशवी ठेवली, कडीला लोंबणारा तुकडा दोन बोटांत धरला आणि चोळला. "या धाग्यानं दात निघते का?" त्या तुच्छतेनं म्हणाल्या. "पीळच नाही याले. आपला जुना सुती धागा घ्याचा, दुहेरी, मेन लावून..." आणि मग एकदम त्यांच्या लक्षात आलं की त्या कुणाला काय शिकवताहेत. त्यांनी तोंड मिटलं, मुलीला काखेत घेतलं आणि शिरा करायला गेल्या.

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता, पण त्या मेण लावायचं सांगून बसल्या होत्या, तर मला हसूच आलं. पोटातलं लेकरूही ढुशा देत होतं. हसले की त्याला आवडायचं नाही.

आता सासूबाईंना पौषाची घाई झाली. सातवा लागणार तो पौषात, आणि पौषात शुभकार्य करायचं नाही. पौष संपेपर्यंत थांबलं तर दात काही टिकत नाही, हे रोज सकाळी बघून त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी मार्गशीर्षातच ओटी उरकायचं ठरवलं. मी म्हटलं, "आई, सहावा चालू आहे. सातव्यात भरतात ना?" त्या म्हणाल्या, "सातवा लागूनच राहिला आहे. थोडा लवकर लागला समज." ज्या बाईने माझा एक महिना खाली पाडला होता, तिने आता मला एक महिना वर चढवला. एका अर्थी फिटंफाट झाली.

दुसऱ्या वेळी ओटी कुणी थाटानं भरत नाही. पण माझी भरली गेली. हिरवी साडी आली, हिरवा चुडा आला. ब्लाउज माझा मीच शिवला, दोन्ही बाजूंना भरपूर माया सोडून, तरी वरचा हुक लागेना. छपरीत सतरंजी अंथरली. माग भिंतीला सरकवला, त्याच्यावरच्या चादरी काढल्या. काकूंनी आदल्या दिवसापासून ठिय्या दिला होता. बायका जमल्या, आणि आल्या आल्या मला "बस माय, बस" म्हणून मुलीभोवती गोळा झाल्या. सासूबाईंनी तिला सकाळपासून काही चावू दिलं नव्हतं. दूध, दूध आणि पुन्हा दूध. दात एका धाग्यावर लोंबत होता.

पाट मांडला. मुलीला नवा फ्रॉक, केसांत झेंडूचं फूल. ती पाटावर चढली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी तिथल्या तिथे उठून तिला उचलून नेणार होते, काय व्हायचं ते होवो. पण मांडी घालून बसलेल्या सहाव्या महिन्याच्या बाईला पटकन उठता येत नाही. मी एक हात मागे टेकला, दुसऱ्याने काकूंचा खांदा धरला, आणि काकूंना वाटलं मी माया करतेय.

तेवढ्यात सासूबाईंनी रीतीप्रमाणे तिचं तोंड गोड करायला ओटीच्या ताटात हात घातला. इतकी वर्षं त्यांनी जसं केलं तसंच केलं. ताटात नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका आणि खडीसाखर. त्यांनी त्यातला खडीसाखरेचा एक चांगला मोठा खडा उचलला आणि नातीच्या तोंडात घातला.

कडकन आवाज झाला.

मुलगी जागच्या जागी थिजली. मग तिने हळूच ओंजळ तोंडाशी नेली आणि त्यात थुंकली. ओंजळीत पांढरे दोन तुकडे आणि थोडं लाल. सगळ्या बायका पुढे वाकल्या. "यातला दात कोनता वं?" काकूंनी विचारलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. महिनाभर शिरा भरवून जपलेला दात त्यांनी स्वतःच्या हातानं पाडला होता. मी हसायला लागले. असं काही हसले की वरचा हुक लागलाच नव्हता, आता खालचाही उडाला. काकू मात्र व्यवहारी. त्या म्हणाल्या, "अवं, आताच तं पडला. रगत ओलंच आहे. विचारून घ्या लवकर."

सासूबाईंच्या डोळ्यांत आशा आली. त्यांनी मुलीला चूळ भरवली, पदरानं तोंड पुसलं आणि लाडानं विचारलं, "सांग माय, मम्मीच्या पोटात कोन आहे?"

मुलगी जिभेनं खिंड चाचपत होती. तिने ठाम मान हलवली. "आता नाही सांगू शकत. दात पडला. आता पोलीस पकडतीन."

बायका हसून लोळल्या. सासूबाईंनाही हसू आलं. आपणच केलेल्या कायद्यात त्या अडकल्या होत्या. मला वाटलं झालं, सुटलो, आता ओटी भरतील आणि जेवणं होतील. पण मुलगी पाटावरून उतरली नाही. ती म्हणाली, "आजी, मी पोटात होती तवा कोनाले विचारलं होतं?"

"तुह्या आत्याच्या पोट्ट्याले."

"तो काय बोलला?"

सासूबाई बोलून गेल्या, "तो बोलला, पोरगा."

"मंग मी कशी आली?"

पुन्हा हशा झाला, पण जरा कमी. मुलगी हसत नव्हती. ती विचार करत होती, आणि तो विचार कुठे चाललाय ते मला दिसत होतं, कारण चिंध्यांमध्ये बसून तिने तो मला आधीच ऐकवला होता. "म्हंजे तुले पोरगा पाहिजे होता. मी नव्हती पाहिजे?"

मी सासूबाईंच्या तोंडाकडे बघत होते. खोटं बोला, मी मनात म्हणत होते. एवढं एक खोटं बोला, मी तुम्हाला जन्मभर नावं ठेवणार नाही.

सासूबाई पाटाजवळ खाली बसल्या, गुडघे धरून, हळूहळू. आता त्यांचं तोंड नातीच्या तोंडासमोर आलं. "नव्हती पाहिजे," त्या म्हणाल्या. "मले पोरगा पाहिजे होता. तुले पाहिलं अन् मी तोंड फिरवलं, खरं सांगतो."

कुणीतरी "अवं बाई" म्हणालं. मला मशीनवरची कैची पाहिजे होती.

"मंग एक दिवस तुही माय आंघोळीले गेली अन् तुले माह्या मांडीवर टाकून गेली. मी नवं लुगडं नेसली होती. तू भर मांडीत मुतली. मी रागानं पाहिलं, तं तू माह्याकडे पाहून हासून राहिली. मुतून हासत होती, चोट्टी. मले भी हासू आलं. मंग मले पोरगा-गिरगा काही आठोलंच नाही. तूच पाहिजे होती." त्यांचा आवाज ओला झाला होता आणि त्यांना ते आवडलं नव्हतं, म्हणून त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "आता भी तूच पाहिजे. समजली?"

मुलीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मुठीतला दात एकदा बघितला. मग तिने आजीच्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या हट्टी बाईला समजवावं तसा.

"मंग हे भी मुतीन ना तुह्या लुगड्यावर," ती म्हणाली. "तवा पाहून घेजो. आतापासून मले कायले विचारतं?"

सासूबाईंनी तिला पाटावरून उचलून माझ्या शेजारी बसवलं, डोळे पुसले, तांदळाचं सूप जवळ ओढलं आणि काकूंना म्हणाल्या, "झालं विचारून. भरा आता ओटी."